गौलीगुड्यात बघण्यासारखं काय आहे?

नाही नाही सर, तिथे नका बसू, तो सोफा डावीकडून खचतो — उजवीकडे सरका — अजून थोडं — हां. आता बसा निवांत. आई गच्चीवर गेल्यात. म्हणजे सासूबाई. लॉजच्या चादरी वाळल्यात का बघते म्हणाल्या, पण चादरी सकाळीच वाळल्या, मीच घड्या घालून ठेवल्या. फोनला रेंज गच्चीवर चांगली येते, म्हणून गेल्यात. कुणाला फोन करतायत ते मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण ते नंतर. त्या खाली यायच्या आत आपण बोलून घेऊ, कारण त्या आल्या की मी बोलणार नाही. मग तुम्हाला वाटेल, आत्तापर्यंत ही बाई घडाघडा बोलत होती आणि आता मिठाची गुळणी धरून बसली — तर राग मानू नका मिलिंद सर, मी घरात बोलतच नाही. नवीन आहे ना. नवीन सुनेने बोलू नये असं काही यांचं म्हणणं नाही, उलट सासूबाई सारख्या म्हणतात, "रसिका, कुछ तो बोल गं." पण कुणी बोल म्हटलं की माझं जे काही थोडंफार बोलणं असतं तेही आत जातं. बाहेर मात्र बोलते. या कामाला लागल्यापासून बोलते. बशी घ्या ना. सुशीला म्हणतात याला, मुरमुऱ्यांची असते. तुमच्याकडे करत नाहीत? करतात ना. मग घ्या.

तर तुम्ही काय विचारत होतात? — गौलीगुड्याचे आकडे. हो. म्हणजे ऑफिसात सगळ्या भागांचे फॉर्म एकत्र केले, पर्यटनावर किती माणसं पोटं भरतात आणि किती कमावतात त्याचा तक्ता केला, आणि आमच्या गौलीगुड्यात चारमिनारपेक्षा जास्त लोक कामाला निघाले. बरोबर? आणि वरच्या साहेबांनी विचारलं, गौलीगुड्यात एवढं बघण्यासारखं काय आहे? — बस स्टँड आहे ना सर. नाही, चेष्टा नाही करत. लोक बस स्टँड बघायला येत नाहीत हे मलाही कळतं. मी आपलं म्हटलं, साहेबांनी विचारलंच आहे तर काहीतरी उत्तर हवं. आणि शिवाय ते फोन. तेही कळलं मला, माझ्याबरोबर पाहणीचं काम करते ना, त्या सायलीने सांगितलं. ऑफिसात रोज कुणी ना कुणी फोन करतं आणि विचारतं, "मुलीची पत्रिका कधी पाठवताय?" त्या रिसेप्शनवरच्या तेलुगू मुलीला मराठी कळत नाही, ती प्रत्येकाला सांगते की तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे, दोन आठवड्यांत उत्तर मिळेल. मग ते दोन आठवड्यांनी परत करतात.

म्हणजे आज तुम्ही चौकशीलाच आलायत, आणि तुमची सही झाली तर माझे फॉर्म धरणार, पुढचा गोवळकोंड्याचा टप्पा मला मिळणार. नाही झाली तर सगळे फॉर्म रद्द, गौलीगुडा दुसऱ्या कुणालातरी, आणि मी घरी. असंच ना? — नाही, तोंडाने नका बोलू, मान हलवलीत ते पुरे. घरी बसायला माझी काही हरकत नाही सर. घर चांगलंय. पण घरी मी बोलत नाही ना. दिवसभर बोलले नाही की संध्याकाळी सारंग ऑफिसातून येतो, काय झालं विचारतो आणि मी म्हणते, "चादरी वाळल्या." असं किती दिवस सांगणार? आता मी त्याला सांगते की आज अमक्याने माझ्यासमोर घरात उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यात फरक आहे की नाही?

टाळ्यांचं सांगते, तिथूनच तर सुरू झालं. आपल्या ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं होतं? — दारात हसायचं, नाव सांगायचं, गळ्यातलं कार्ड दाखवायचं, मग तो मोठा परिच्छेद म्हणायचा, की आम्ही अमुक संस्थेतर्फे पर्यटन व्यवसायातला रोजगार आणि कमाई यांची भागवार पाहणी करत आहोत, आपली माहिती गोपनीय राहील वगैरे. माझा पाठ होता तो, सारंगसमोर म्हणून दाखवला होता रात्री. पहिलंच घर अरविंदचं. तो गाइड हो, गोवळकोंड्याला असतो. बेल वाजवली, त्याच्या आईने दार उघडलं, आणि माझ्या तोंडातून अक्षर फुटेना. हातात हिरवा चुडा, नवं मंगळसूत्र, नवी साडी, आणि कार्ड पदराखाली गेलेलं. शेवटी म्हटलं, "मी पुण्याची. माहिती घ्यायला आले होते, घरातल्यांची." बस. एवढंच बोलले. त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग एकदम म्हणाल्या, "हौ हौ, या की, आत या," आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडल्या, "अरविंदा, शर्ट घाल!"

आता तुम्ही मला सांगा, आपल्या फॉर्मवर पहिले प्रश्न काय आहेत? — घरात कमावते किती. कोण काय करतो. महिन्याला किती मिळतात. नोकरी कायम का हंगामी. घर स्वतःचं का भाड्याचं, खोल्या किती, गाडी आहे का. आणि लग्नासाठी मुलगा बघायला गेल्यावर काय विचारतात? हेच! याच क्रमाने! मला तर वाटतं आपला फॉर्म ज्यांनी तयार केला त्यांच्या घरी लग्नाची मुलगी असणार. मी एकेक प्रश्न विचारत गेले आणि त्या बाई फुलत गेल्या. शिवाय मधे मधे मी गप्प बसायचे. पाहणीवाले कधी गप्प बसतात का? ते बडबडतात, त्यांना पुढच्या घरी जायचं असतं. मुलगा बघायला आलेले लोकच असे गप्प बसून पंख्याकडे बघतात. अरविंदला बाहेर आणला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. त्याची आई म्हणाली, "गोवळकोंड्याच्या दारात टाळी वाजवली की पार वर ऐकू जाते, ती टाळी हाच वाजवतो. वाजव रे." आणि त्याने वाजवली, सर. दहा बाय बाराच्या खोलीत. मांजर पळालं. मी म्हटलं, "छान." दुसरं काय म्हणणार? मग कमाई विचारली तर बाई म्हणाल्या, "पन्नास धरा. वर फॉरेनवाले देतात ते वेगळंच, डॉलरमधे देतात." आणि माझ्यापुढे सुशीला आली, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड.

मी पन्नास लिहिलं. लिहिताना पदर सरकला आणि कार्ड बाहेर आलं. त्यांनी विचारलं, "हे काय गं?" मग मी तो सगळा परिच्छेद म्हटला — आता कसा कोण जाणे, सुशीला खाल्ल्यामुळे असेल, पण घडाघडा आला. पर्यटन, रोजगार, पाहणी, अहवाल सरकारी खात्याकडे जाणार. बाईंचा चेहरा असा बदलला, की — म्हणजे मांजराचा बदलला होता तसाच. म्हणाल्या, "सरकारला द्यायलात? मग असं फिक्स काय नाही बघा. कधी पाच मिळतात, कधी दहा. टाळ्या वाजवून वाजवून हात सुजतात पोराचे, तेलालाच जातात पैसे." आणि माझी अर्धी खाल्लेली बशी त्यांनी उचलून नेली आणि त्या जागी एक उस्मानिया बिस्कीट ठेवलं. एक.

तिथेच मला पाहणीशास्त्र कळलं, सर. ट्रेनिंगमध्ये नाही कळलं, त्या बिस्किटात कळलं. म्हणजे माणसाच्या कमाईचे दोन आकडे असतात, एक मुलीकडच्यांना सांगायचा आणि एक सरकारला सांगायचा. आणि त्याला काय वाटतंय हे पुढ्यात काय ठेवलंय त्यावरून कळतं. सुशीला असेल तर आकडा वरचा. बिस्कीट असेल तर खालचा. — घ्या ना सर, थांबलात का? आवडली नाही? खोबरं मुद्दाम जास्त घातलंय आईंनी.

मला वाटलं, झालं, आता हे एक घर बिघडलं, पुढच्या घरी आधी कार्ड दाखवू. पण पुढच्या घरी जाईपर्यंत बातमी पुढे गेलेली. आमच्या गल्लीत बातमीला बसची वाट बघावी लागत नाही. अरविंदच्या आईने शेजारी काय सांगितलं असेल? — की लॉजवाल्यांच्या सुनेच्या माहेरचं, पुण्याचं मोठं स्थळ आलंय, पाहणीचा बहाणा करून घरं बघायलेत. पुण्याचे लोक थेट थोडंच विचारणार, कार्ड छापून घेतील, फॉर्म छापून घेतील, पण सरळ मुलगा दाखवा म्हणणार नाहीत! आणि मी कितीही परिच्छेद म्हटला तरी लोक हसायचे. "हौ, हौ, पाहणी. करा की पाहणी." डोळा मारायचे. एक आजोबा म्हणाले, "मुलगी किती शिकलीय, ते आम्हाला विचारायची मनाई आहे का?" मी म्हटलं, "आजोबा, मुलगी नाही, ही पर्यटनाची पाहणी आहे." ते म्हणाले, "बरं बरं, पर्यटन किती शिकलंय?"

नामदेवरावांकडे गेले तेव्हा तर त्यांनीच घोळ मिटवला. ते ट्रॅव्हल्सवाले, कोपऱ्यावरचे, धर्मशाळेच्या शेजारचे. मी कमाई विचारली, तर पेनकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, कोणता लिहिता? मुलीकडच्यांना सांगायचा, का सरकारला सांगायचा?" मी म्हटलं, दोन्ही सांगा. त्यांनी सांगितले. इतक्या सरळपणे सांगितले की मला भरून आलं. मग मी काय केलं — बेरीज केली, दोनने भागलं आणि मधला आकडा लिहिला. मग सगळीकडे तेच. आधी गप्प बसायचं, वरचा आकडा येऊ द्यायचा. मग परिच्छेद म्हणायचा, खालचा येऊ द्यायचा. मग भागायचं. अरविंदचाही पन्नास खोडून मधला केला. एक पै माझ्या मनाची घातली नाही कुठेही.

हां, आता तुम्ही म्हणाल, मग कमाई ठीक आली तरी माणसं एवढी कशी वाढली? तेच सांगते. कमाई अर्धी करता येते सर, माणूस अर्धा करता येत नाही. नामदेवरावांची एक गाडी आहे, पांढरी. आणि एक ड्रायव्हर. पण पुण्याचं स्थळ येणार म्हटल्यावर शेजारच्या संदेशकडून, तोही ट्रॅव्हल्सवालाच, त्याचीही गाडी मागून आणली आणि दारात दोन उभ्या केल्या. कामाला माणसं किती विचारलं, तर मेव्हणा, भाचा, मुलगा आणि घरमालकाचा मुलगा, सगळ्यांना एकसारखे निळे शर्ट घालून रांगेत उभं केलेलं. सगळे स्टाफ. मी मोजले, लिहिले. दुपारी संदेशकडे गेले तर तिथे त्याच दोन गाड्या. आणि तेच निळे शर्ट. मेव्हणा मला बघून गाडीच्या मागे लपला, म्हणजे त्यालाही काही वाटत असणार. पण संदेशने नाव सांगितलं, पगार सांगितला, मग मी काय करणार? उघड्या डोळ्यांनी दिसणारा माणूस कसा नाही लिहायचा? आणि दोन्हीकडे दिसले म्हणून ड्रायव्हर धरून पाचांना दोनने भागून अडीच स्टाफ लिहिला असता, तर तुमच्या कॉम्प्युटरने घेतला असता का? नाही घेत, मी विचारलं होतं सायलीला. अपूर्णांक टाकला की लाल होतं. म्हणून पूर्ण लिहिले. म्हणून गौलीगुड्यात रोजगार वाढला. शर्ट निळे आहेत तोवर वाढलेलाच राहणार.

तर माणसांचा रकाना चुकलाय, ते मी कबूल करते, त्यातून मेव्हणे काढून टाका. शोधायला सोपे आहेत, जिथे जिथे 'मेव्हणा' आहे तिथे खोडा. पण कमाईचा रकाना नका खोडू, सर. तो खरा आहे. — कशावरून म्हणजे? कशावरून ते सांगते, पण पेन खाली ठेवा. नाही, आधी ठेवा. टेबलावर. हां.

आमच्या लॉजवरून. नाही, मी नाही केलं आमचं लॉज, नात्यातलं घ्यायचं नाही हा नियम मला पाठ आहे, ते सायलीने केलं. मी फक्त चहा घेऊन आत आले होते. सायली विचारत होती आणि बाबा — म्हणजे माझे सासरे, हिम्मतराव — असा चेहरा करून बसले होते की जणू लॉजचं आत्ताच कुणी प्रेत उचललंय. "कोविडपासून उठलोच नाही बघ बाई. सगळे आता मोबाइलवर बुकिंग करतात, स्विमिंग पूल मागतात. माझ्याकडे कुठला पूल? बादली आहे." सायलीने लिहून घेतलं, तिला वाईटही वाटलं. आणि हेच बाबा आमच्या घरी पुण्याला बोलणी करायला आले होते, तेव्हा काय म्हणाले होते? "बारा महिने फुल. तिरुपतीची गर्दी, श्रीशैलमची गर्दी, पाटी बघूनच लोक आत येतात." पाटीचं मात्र खरंय. सासूबाईंचं नाव पद्मावती, लॉजचंही नाव पद्मावती आणि तिरुपतीच्या देवीचंही, तर तिरुपतीला निघालेले लोक पाटीला हात जोडून आत येतात. सासूबाई दारात उभ्या असल्या की त्यांना वाटतं आपल्यालाच. त्या आशीर्वाद देतात. कुणी तक्रार केलेली नाही अजून.

तर बारा महिने फुल हा एक आकडा, आणि बादली हा दुसरा. मग खरं काय? खरं गच्चीवर आहे, सर. चादरी! ज्या खोलीत माणूस राहिला तिचीच चादर धुवायला पडते ना? बाबा कुणालाही काहीही सांगोत, चादरी खोटं बोलत नाहीत. गच्चीवर दोऱ्या आहेत सहा. रोज भरतात तीन. मी लग्न होऊन आल्यापासून रोज वाळत घालते, मला विचारा. सणावारी चौथी भरते, परीक्षांच्या दिवसांत दुसरीसुद्धा अर्धी रिकामी. पण एरवी तीन. अर्धं लॉज. पुण्यातला आकडा आणि सायलीचा आकडा, यांच्या बरोब्बर मधे! मी त्या दिवशी गच्चीवर उभी राहून हिशेब केला आणि मोठ्याने हसले, तर शेजारच्या गच्चीवरच्या तेलुगू आंटी म्हणाल्या, "एमय्यिंदम्मा, काय झालं?" मी म्हटलं, "एमी लेदु आंटी, काही नाही, चादरी वाळल्या."

तुम्ही लिहिणार नाही ना हे? सासऱ्यांचं? नाही म्हणजे मी बोलता बोलता बोलून गेले. मी म्हटलं ना, घरात बोलत नाही त्याचं हे असं होतं, साठतं सगळं. आणि बाबा खोटे नाहीत हो. सगळेच असं सांगतात. आमच्या पुण्याच्या बाबांनी काय कमी सांगितलं? मुलगी गाते, पोळ्या पातळ करते, इंग्रजीत भाषण केलंय. भाषण मी केलं होतं, पण विसरले म्हणून खाली आले. सारंग इंटरनॅशनल टूर करतो असं यांनी सांगितलं होतं. इंटरनॅशनल म्हणजे एकदा नेपाळची बस काढली होती, ती गोरखपूरला बंद पडली. हे सारंगनेच मला सांगितलं, लग्न झाल्यावर लगेच, न विचारता. म्हणाला, "वडलांनी सांगितलंय त्याच्या निम्मं धर." मी म्हटलं, "धरलंच होतं." मग तो हसला. तेव्हापासून मला तो आवडतो. हेही लिहू नका.

गंमत कुठे झाली माहितेय? आमच्या बाबांनी माझ्याबद्दल एकच गोष्ट अगदी खरी सांगितली होती, की मुलगी शांत आहे. यांनी तीही निम्मीच धरली. यांना वाटलं, असेल मध्यम बोलणारी. आणि मी अशी निघाले! सासूबाई बिचाऱ्या अजून वाट बघतायत, उरलेली निम्मी कधी बोलेल म्हणून. खरं बोलणाऱ्याचं हे असं नुकसान होतं बघा. सगळे समोरच्याचं निम्मं धरतात, मग जो पूर्ण खरं सांगतो तोच फसतो. म्हणून म्हणते, मधला आकडा हाच गौलीगुड्याचा खरा आकडा. चारमिनारला तुमच्या माणसांनी कार्ड दाखवून दाखवून सगळीकडून बिस्किटं खाल्ली. त्यांचाच आकडा कमी आलाय. माझा जास्त नाही आलेला.

पटत नाहीये ना? चेहरा सांगतोय. बरं, मग एक करू. तुमच्यावर करू.

नाही, दचकू नका. झालंय करून. अर्धं झालंय. तुम्ही आलात तेव्हा दार कुणी उघडलं? आईंनी. मी आत होते, मुरमुरे भिजवत. आईंनी पाणी दिलं आणि विचारलं, कुठले, घर कुठे, कोण कोण असतं, नोकरी कायम का, हातात किती येतं. आणि तुम्ही म्हणालात — मी ऐकलं सर, भिंत पातळ आहे — तुम्ही म्हणालात, "तारनाक्याला घर आहे, स्वतःचं. वडील रेल्वेतून रिटायर. पासष्ट मिळतात." मुरमुरे हातातच राहिले माझ्या. कारण गेल्या आठवड्यात ऑफिसखाली चहाच्या टपरीवर तुम्ही सायलीला आणि मला काय सांगत होतात? आम्ही प्रवासभत्ता वाढवून मागितला तेव्हा? म्हणालात, "अगं, मलाच पंचवीस देतात, तुम्हाला कुठून देऊ?"

आता सांगा. पासष्ट आणि पंचवीस. किती होतात? नव्वद. भागिले दोन. — पंचेचाळीस आहे ना सर तुमचा पगार?

नाही, बोलू नका. कान लाल झाले तेवढं पुरे. पंचेचाळीसच आहे. हसा की. मीसुद्धा त्या दिवशी गच्चीवर अशीच हसले होते. पाणी देऊ?

आणि खरं सांगू का, तुम्ही पासष्ट का म्हणालात तेही मला कळतं. तुम्हाला कुणी शिकवलं नाही. आईंनी त्या सुरात विचारलं की माणूस आपोआप पासष्ट म्हणतो. तुमच्या पुढ्यात काय आहे बघा एकदा. खोबरं बघा. लिंबाची फोड बघा. उस्मानिया बिस्किटांचा डबा तिथे फडताळात भरलेला आहे, पण तो काढलाय का कुणी? आईंनी तुम्हाला विचारलं, "लग्न झालंय का," तुम्ही म्हणालात, "नाही अजून." त्यानंतर लगेच त्यांना चादरी आठवल्या. त्यांच्या बहिणीची मुलगी आहे, शर्वरी. मलकपेठला असते. फोन तिथे चाललाय. आता मलकपेठहून इथे यायला रिक्षाला वेळ तो किती लागतो —

सर, बसा. नाही, उठायचं नाही, असं उठून जाणं बरं दिसत नाही, आणि खाली जायला एकच जिना आहे, त्या जिन्यातच भेटतील. शर्वरी चांगली आहे. मी सांगते म्हणून नाही. मी फार भेटले नाहीये, पण एकदा ती आली होती तेव्हा मी तासभर गप्प होते आणि तीही गप्प होती, आणि आम्हा दोघींना काहीही वाटलं नाही. असं माणूस मिळतं का?

आधी सही करा. इथे, खाली. कमाईचा रकाना मान्य, माणसांच्या रकान्यातले मेव्हणे वजा. असं लिहा ना शेरा. 'नातेवाईक' लिहा हवं तर, मेव्हणे बरं दिसत नाही. हां — आणि तारीख. — गोवळकोंडा लिहिलंत? तुम्ही गोवळकोंडा लिहिलंत! मला. थँक्यू सर. तिथे मी अरविंदला आधीच ओळखते, टाळी वाजवून बोलावेन.

चपला वाजल्या जिन्यावर. आई उतरतायत. ऐका, ऐका पटकन — आता पासष्टवरून हलू नका. मधेच पंचेचाळीस म्हणालात तर आई त्याचंही निम्मं धरतील, मग फार कमी होतं. पासष्टच राहू दे. त्या बाबांच्या बायको आहेत, त्यांनी ऐकतानाच मनात साडेबत्तीस धरलाय, त्याहून खाली नको. आणि शर्वरीबद्दल जे जे सांगतील ना, रांगोळी, भरतकाम, पीएचडी — सगळं ऐकून घ्या, मान हलवा आणि मनात —

हो आई. नाही आई, काही नाही, सर पाणी मागत होते.

हो. झालं त्यांचं काम.

हो, सुशीला आवडली म्हणाले.